‘पायाळू’ला धन दिसतं का?

अमळनेरकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: आजी म्हणायची, ‘पायाळूले धन दिसस.’ मग ‘गुप्तधन दिसणारा’ हाच या शब्दाचा मूळ अर्थ का?

नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, एवढंच. कुठे ‘पायाळ’ही म्हणतात. ‘झोपाळू’, ‘मायाळू’ यांच्या ओळीत बसवून त्यात स्वभाव शोधू नये. पायाळूवर वीज पडते, त्याची लाथ बसली की उसण जाते, त्याला जमिनीतलं पाणी नि धन दिसतं, हे सगळं लोकांनी मागाहून त्याच्या गळ्यात बांधलेलं. दिवस भरलेल्या शंभरांतली तीन-चार बाळं डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली करून असतात. आता त्यांतली बरीच सिझेरियननं होतात. त्यांना पायाळू धरायचं की नाही, यावर आजीबाईंचं एकमत होणं कठीण!

धन दाखवणारी खरी वस्तू म्हणजे अंजन. पायाळूच्या डोळ्यांत मंतरलेलं काजळ घातलं की पुरलेला हंडा दिसतो, असा समज. तो जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘जैसें डोळ्यां अंजन भेटे’ या ओवीत दृष्टीला फाटा फुटून महानिधी प्रगटतो. तिथे तो गुरुकृपेचा दृष्टान्त आहे. मांत्रिकानं तो शब्दशः घेतला.

खानदेशात या समजाला खतपाणीही भरपूर. थाळनेर, अशीरगडसारखे किल्ले, १६०१ साली अकबराकडे गेलेलं खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य; त्यात गावोगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत खापरं सापडतात. बँका नव्हत्या तेव्हा लोक पैसा पुरतच, म्हणून नांगराला कधी नाण्यांचं मडकं लागतंही. पण ते नांगराला लागतं, काजळाला नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशे इथे १९५५ साली शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, ते थर मोजत, खापरं नोंदवत. त्यातून ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांब्याची नि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या लोकांची, वस्ती कळली. हंड्यापेक्षा मला तरी ती मोलाची वाटते.

कायद्याच्या मराठीत गुप्तधनाला ‘निखात निधी’ म्हणतात. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं असं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरतात. तेव्हा कुणी ‘पायाळू पोर आणून द्या’ म्हणालं, तर शब्दकोश मिटून आधी पोलिसांना फोन करावा.