चर खणण्याआधी तीन तारीख गाठा

प्रश्न : मी ६० वर्षांचा, धायरीत राहतो. भोसरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. बंगल्यामागच्या गॅरेजात छोटं वर्कशॉप काढायचं आहे. दोन एचपीचा लेथ, ड्रिल, ग्राइंडर, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन. मीटरपासून गॅरेज २८ मीटर. वरून वायर न्यायची तर आंब्याच्या फांद्या मध्ये येतात, म्हणून जमिनीखालून न्यायची आहे. एका वायरमनने ३५ हजार सांगितले, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने १ लाख ४० हजार. हातात रोख नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ३६ लाख आले, त्यातले २६ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत आहेत. ५ लाख बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या गॅरंटीड योजनेत घातले : पाच वर्षं दर साल ५ लाख भरायचे, दहाव्या वर्षाअखेर ३४ लाख, शिवाय ३५ लाखांचं कव्हर. त्याचे कागद या महिन्याच्या ४ तारखेला कुरिअरने आले. उरलेले ५ लाख पुढच्या हप्त्यासाठी बचत खात्यात बाजूला ठेवलेत. पेन्शन ४ हजार, घरखर्च महिना ३२ हजार. वर्कशॉपमधून जॉबवर्कचे महिना २५ हजार येतील, त्यातून हप्ते निघतील असा हिशेब आहे. केबलसाठी १३ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज घेऊ की पत्नीचे दागिने ठेवून गोल्ड लोन?

उत्तर : दोन्ही नको. दागिने कपाटातच राहू द्या. पण केबलचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकावं तसं लिहून गेलात : कागद ४ तारखेला आले.

ती योजना एफडी नाही, एफडीची बहीणही नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. तिचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात आणि तो तुमचा हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. म्हणजे पुढच्या महिन्याच्या ३ तारखेच्या आत अर्ज पोचला पाहिजे. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. ५ लाखांतले थोडे हजार जातील, जाऊ द्या. पत्र वाचलं त्याच दिवशी एवढा मजकूर तुम्हाला ई-मेलने कळवला आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहितो, कारण अशी पत्रं दर आठवड्याला येतात आणि बहुतेकांचे ३० दिवस उलटून गेलेले असतात.

आता आकडे. २५ लाख भरायचे, ३४ लाख मिळायचे. मॅडमनी ‘नऊ लाख नफा, गॅरंटीड’ असं सांगितलं असणार. पण तुमचा प्रत्येक रुपया सरासरी आठ वर्षं अडकतो. आठ वर्षांत १०० चे १३६, म्हणजे वर्षाला ४ टक्क्यांच्या आत. तुमची साधी एफडी ७ देते. वर ३५ लाखांचं कव्हर आणि ५ लाखांचा हप्ता : हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तरच मुदतीअखेरची रक्कम करमुक्त होते, तुमचा १४ टक्के होतो. ‘टॅक्स फ्री’ असंही सांगितलं असेल तर तेही खोटं. मुलं कमावती असतील तर साठाव्या वर्षी नव्या आयुर्विम्याची गरजच नाही, आणि पत्रात पत्नीशिवाय अवलंबून असलेलं कुणी दिसत नाही.

परतावा कमी, एवढ्यावरही मी एखादवेळी थांबलो असतो. खरा घोळ पुढे आहे. हे पुढचे चार हप्ते येणार कुठून? वर्कशॉपमधून, म्हणता. महिना २५ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख. हप्ता ५ लाखांचा. सगळं मनासारखं झालं, एक दिवस आजारी पडला नाहीत, एकाही गिऱ्हाइकाने पैसे बुडवले नाहीत, तरी दोन लाख कमी पडतात!

म्हणजे हप्ते एफडी मोडूनच जाणार. वर्षाचा घरखर्च ३ लाख ८४ हजार, पेन्शनचे ४८ हजार वजा केले तर ३ लाख ३६ हजार मुदलातून आणि व्याजातून काढायचे. आज हाती ३१ लाख. दरवर्षी ५ लाख हप्ता, वर घरखर्च, आणि मुद्दल घटत जाईल तसं व्याजही आटत जाणार. महागाई शून्य धरली तरी पाचवा हप्ता भरल्यावर तुमच्याकडे साधारण ३ लाख उरतात. तेव्हा तुम्ही ६४ वर्षांचे असाल. पुढच्या वर्षी तेही संपतील आणि ३४ लाख मिळायला आणखी पाच वर्षं असतील. ती पाच वर्षं जेवायचं काय, हे त्या रंगीत पत्रकात कुठेच नसतं. बरेच लोक मध्येच हप्ते थांबवतात आणि भरलेल्यापेक्षा कमी घेऊन बाहेर पडतात.

अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेकडे नव्हे. ई-मेलनेही पाठवा आणि जवळच्या शाखेत प्रत देऊन तारखेचा शिक्का घ्या. कारण लिहायचं : मुदत ठेव म्हणून विकली, अटी मान्य नाहीत. पुढचे हप्ते खात्यातून आपोआप जाण्याची परवानगी तुम्ही दिली असणार, तीही रद्द करा. मॅडम म्हणतील, ‘काका, वरिष्ठांना विचारून सांगते’, ‘एक वर्ष तरी भरून बघा’. हे ऐकत बसलात तर ३ तारीख जाईल. विमा कंपनीकडून आलेल्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हणालात, हे तुमच्यावर उलटवायचा प्रयत्नही होईल. फ्री लुकला त्याने काही फरक पडत नाही. कंपनीने ताणलं तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि महिन्याभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे. लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, वकील लागत नाही.

पैसे परत आले की एफडी मोडून ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात, पाच वर्षं दर बदलत नाही. एका माणसाला ३० लाखांचीच मर्यादा आहे. दोन महिन्यांची एफडी मोडली तर दंड किरकोळ. हे खातं टपालात उघडतं तसंच बहुतेक मोठ्या बँकांतही, बहुधा मॅडमच्या शेजारच्या टेबलावर. तिकडे बोट का दाखवलं नाही हे ओळखायला टूलरूमचा अनुभव लागत नाही.

व्याजाचे महिना २०,५०० आणि पेन्शन मिळून २४,५००. खर्चाला ७,५०० कमी पडतात. हाताशी ६ लाख. त्यातले ३ लाख अडीअडचणीला, आणि ४०-५० हजार दोघांच्या आरोग्य विम्याला धरा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला असणार, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते, म्हणून हे वर्कशॉपच्या आधी. स्पष्ट सांगतो, ३६ लाखांत ३२ हजारांचा खर्च जेमतेम बसतो, आणि तोही आजच्या भावाने.

म्हणूनच वर्कशॉपला माझा विरोध नाही. तुमच्या पत्रातली तीच एक गुंतवणूक मला पटली. टूलरूममध्ये वर्षं काढलेल्या माणसाकडे भोसरी-नऱ्ह्याच्या छोट्या कारखान्यांची दुरुस्तीची कामं येतात. २५ हजार विसरा. महिना ८-१० हजार धरा, ती तूट भरून निघते.

आता केबल. ३५ हजारांचा वायरमन प्लास्टिकच्या पाइपात ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर घालून फूटभर खाली पुरणार, बरोबर? नको. एखाद दिवशी बागेत कुदळ बसेल, नाहीतर पावसाळ्यात पाइपात पाणी भरून ग्राइंडर हातात असताना करंट लागेल. जमिनीखाली आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबलच हवी, किमान ७५ सेंटिमीटर खोल, खालीवर वाळू, वर विटा आणि धोक्याची पट्टी. गाडी जिथून जाते तिथे जाड पाइपातून. तुमच्याकडे मुरूम आणि काळा कातळ, खणायला वेळ आणि पैसे दोन्ही जातात. म्हणून कंजुषी चरीत करायची नाही, ती पुन्हा खणणार नाही.

कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनची फोड तुम्ही पाठवलीत : चर आणि केबल ४५ हजार, अर्थिंग आणि बोर्ड २०, गॅरेजच्या आतलं वायरिंग ३५, आणि स्टॅबिलायझरसह ‘प्रीमियम पॅनेल’ ४० हजार. शेवटचे ४० उडवा. व्होल्टेजची तक्रार खरंच आली तर वर्षाने बघा. तांब्याचा हट्टही सोडा. लेथ, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग तुम्ही एकटे एकदम चालवणार नाही, ३० अँपिअर धरा. १६ स्क्वेअरच्या ॲल्युमिनियम केबलमध्ये २८ मीटरवर ४ व्होल्ट कमी होतात, ४ स्क्वेअर तांब्यात ९. केबल मात्र चार कोअरची, म्हणजे आत चार तारा असलेली घ्या, पुढे थ्री-फेज घ्यायचं झालं तर चर उकरावी लागणार नाही. टोकांना तांबं-ॲल्युमिनियम जोडणारे बायमेटल लग, आर्मर अर्थ केलेलं, गॅरेजात स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच. हे सगळं एक लाखात बसतं, तुमच्या बचत खात्यातल्या पाच लाखांतून.

त्याच पाच लाखांवर २-३ टक्के व्याज घेत तुम्ही १३ टक्क्यांनी कर्ज काढणार होता. १ लाख ४० हजारांवर तीन वर्षांत ३० हजार व्याज गेलं असतं.

चर खणायच्या आधी एक काम. महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन जॉबवर्कचं सांगा. घरगुती मीटरवर पैसे घेऊन काम केलंत आणि तपासणी आली, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. गॅरेजला वेगळ्या दराचं वेगळं कनेक्शन मिळालं तर तुमची केबल घरातल्या बोर्डापासून नव्हे, नव्या मीटरपासून निघेल. मीटर कुठे बसणार हे ठरल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊ नका. नुसती हौस म्हणून चालवणार असाल तर घरच्याच मीटरवर मंजूर भार वाढवून घेतला की झालं. दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण माती लोटायच्या आधी टेप लावून खोली मोजा, केबलवर छापलेला आकार वाचा आणि फोटो काढून ठेवा. शेवटचे दहा हजार तोवर हातात राखा.