स्पर्धेला कथा पाठवताना: फी, हक्क आणि शब्दमर्यादा

ताई, ३०० रुपये फी मागणाऱ्या स्पर्धेला कथा पाठवावी का, आणि पुरावरची तुमची १,४०० शब्दांची कथा हजारात कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या फीवरून मी स्पर्धा नाकारत नाही. परीक्षकांचं मानधन कुठून तरी यायलाच हवं. पण तुम्ही टाकलेल्या पत्रकात परीक्षकांची नावं नाहीत, बक्षीस 'आकर्षक' आहे (किती ते गुलदस्त्यात), आणि तळाला बारीक अक्षरांत 'आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे'. म्हणजे न निवडलेल्यांचेही! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. त्यामुळे पत्रकातल्या एका ओळीनं कथा त्यांची होत नाही. पण उद्या तीच कथा दिवाळी अंकाला दिली की भांडत कोण बसणार? फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क चालेल का, असं मेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर नाद सोडा.

आता कथा. सुरुवातीचे दोन परिच्छेद कृष्णेच्या वर्णनात गेलेत. सांगलीच्या परीक्षकाला आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगायला नको. (स्पर्धा पुण्या-नागपूरची असेल तर एका ओळीत सांगा.) तिसऱ्या परिच्छेदात सासूबाई पापडाचा डबा माळ्यावर चढवतात आणि सुनेच्या सर्टिफिकेटांची फाइल खालीच राहते. कथा तिथून सुरू करा. 'पाण्यानं नातीही वाहून नेली' हे शेवटचं वाक्य उडवा. ते फाइलनं आधीच सांगितलंय.

आणि 'घरा समोरच्या', 'पुरा नंतर' असं तोडून लिहू नका. वर्ड मोकळ्या जागा बघून शब्द मोजतं. जोडून लिहिलंत तर शुद्धलेखन सुधारेल, वर शब्दही वाचतील.

हीच कथा आणखी कापून अलक (म्हणजे अतिलघुकथा) म्हणून पाठवायचा विचार मात्र सोडा. अलकेत एकच क्षण मावतो, इथं तीन माणसांचा हिशेब आहे. शतशब्दकथेला तर शंभर म्हणजे शंभरच. शीर्षक त्यात धरतात का ते नियमात बघा.

फी नको असेल तर कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ आहे. प्रवेश मोफत, मर्यादा २,००० ते ५,००० शब्द. मराठी कथा थेट घेत नाहीत, इंग्रजी अनुवाद चालतो. ही कथा तिथं लहान पडेल, तुमची ऊसतोडीवरची बसेल.

फाइल युनिकोडमध्येच पाठवा, आणि नियमात नाव नको म्हटलं असेल तर फाइलच्या नावातही ते राहू देऊ नका. सुधारलेली कथा इथं पूर्ण टाकू नका, कारण नेटवर टाकलेली कथा बऱ्याच स्पर्धा प्रकाशित धरतात. पहिला परिच्छेद टाका, तेवढ्यावरून सांगतो.