लावलेलं कुलूप आठवतं, पण पटत नाही

"ताई, मी 33 वर्षांची, नोकरी करते. बाळ 14 महिन्यांचं आहे. ते झाल्यापासून घरातून निघताना माझा पायच निघत नाही. गॅसचा नॉब सात-आठ वेळा बघते, कुलूप ओढून ओढून बघते, अर्ध्या जिन्यातून परत वर येते. यात रोज 25 मिनिटं जातात. हल्ली बंद नॉबचा फोटो काढून नेते, तरी कामावर मनात घोळत राहतं, हा फोटो कालचा तर नसेल? ज्या दिवशी नवरा शेवटी निघतो त्या दिवशी मात्र मी खुशाल निघते. तो आधी समजूत काढायचा, आता चिडतो. माझी स्मरणशक्ती चाललीय का? ती वाढवायला काय करू? – एक वाचक"

तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. ती गेली असती तर नवरा शेवटी निघतो त्या दिवशीही तुम्ही विसरला असतात. पत्रातलं ते एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्याकडे येतेच.

आधी आठवणीचं बघू. 2003 मध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा दिवे तपासायला दिले. मग दोन्ही गटांना शेवटी एकदा शेगडी तपासायला लावली आणि तिच्याबद्दल विचारलं. शेवटच्या खेपेला कोणते नॉब तपासले, हे दोघांनाही जवळपास सारखंच बरोबर सांगता आलं. पण ज्यांनी शेगडी वारंवार तपासली होती त्यांची आठवण फिकी आणि तपशील नसलेली झाली होती, आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा घसरला होता. 2006 मध्ये कॅनडात खऱ्या शेगडीवर असाच प्रयोग झाला. भरवसा तिथेही घसरला.

म्हणजे विसरल्यामुळे तुम्ही तपासता असं तुम्हाला वाटतं, पण तपासण्यानेच आठवण धूसर होते आहे. पहिल्यांदा नॉब बघताना मेंदू रंग, खूण, हाताला लागलेला कोन असं सगळं टिपतो. चौथ्या-पाचव्या खेपेला तो फक्त "नॉब, बंद" एवढंच नोंदवतो. वर कालचे, परवाचे, गेल्या महिन्यातले शेकडो बंद नॉब एकमेकांवर साचलेले. त्यातला आजचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही. फोटोचंही तेच झालं आहे. तेव्हा स्मरणशक्तीच्या गोळ्या, कोडी यांच्या नादी लागू नका.

आता ते वाक्य. तपासण्याची ओढ तीन गोष्टींनी वाढते: वाईट घडण्याची शक्यता किती वाटते, घडलं तर ते किती भयंकर असेल, आणि ते टाळणं माझ्यावर किती अवलंबून आहे. नवरा मागे असतो तेव्हा शेगडी तीच, धोका तोच, फक्त जबाबदारीचा भार तुमच्या डोक्यावर नसतो आणि ओढ नाहीशी होते. हे बाळ झाल्यावर सुरू झालं यातही नवल नाही. बाळंतपणानंतर असा त्रास सुरू होणं किंवा असलेला वाढणं चांगलंच परिचयाचं आहे. तुमची काळजी खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी खर्च होते आहे.

उपाय तपासणं कमी करणं हाच. पण उद्यापासून एकदम बंद असं ठरवू नका, दोन दिवसांत मोडेल आणि हातात फक्त निराशा उरेल. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसतं मोजा. वहीत रोज तीन आकडे: किती वेळा, किती मिनिटं, आणि निघताना धास्ती 0 ते 10 मध्ये किती. कामावर बसून मनात "मी नॉब फिरवला, मग वळले, मग..." अशी उजळणी चालते तीही मोजा. ते मनातल्या मनात तपासणंच आहे, आणि बहुतेक लोक ते मोजायचंच विसरतात.

दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यात कमी धास्तीच्या वस्तूने सुरुवात करा, समजा खिडकी किंवा दिव्याचं बटण. मग कुलूप. गॅस शेवटी. ज्या वस्तूची पाळी असेल ती एकदाच तपासायची, आणि "एकदा" म्हणजे नक्की काय ते आधीच ठरवून ठेवायचं. गॅसचं असं: हातात फोन, पिशवी, बाळ काही नको. नॉब बंद करा, त्याची खूण बंदवर आहे हे बघा, हात काढा, पाठ फिरवा, चालू लागा. टक लावून उभं राहायचं नाही, "नीट वाटेपर्यंत" थांबायचं नाही. कुलूप एकदा ओढायचं, किल्ली खिशात, जिना.

"बंद केला" असं मोठ्याने म्हणा, हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. एरवी विसराळू असणाऱ्याला तो उपयोगी पडतो. तुम्हाला मी देणार नाही. तुमच्या बाबतीत महिनाभरात ते वाक्य ठरावीक सुरात, ठरावीक वेळा म्हणावं लागेल आणि तपासण्यात आणखी एकाची भर पडेल.

खरी कसोटी जिन्यात. धास्ती 7-8 वर जाईल, पाय मागे ओढतील. तिथे स्वतःला "बंदच आहे गं" असं पटवू नका. म्हणा, "कदाचित चालू राहिला असेल, आणि मी तरीही जाते आहे." ही शंका सोबत घेऊन चालणं हाच सगळा व्यायाम. धास्ती चढते तशी उतरतेही, बहुतेकदा अर्ध्या-एक तासात बरीच. म्हणून सरावासाठी निघाल तेव्हा निदान तासभर बाहेर राहा. दहा मिनिटांत घरी आलात तर मेंदू शिकतो की परत आल्यामुळे बरं वाटलं, म्हणजे उलटाच धडा. आठवड्यात चार-पाच दिवस सराव हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढ उलट वाढल्यासारखी वाटेल. तिथेच बरेच जण सोडतात. रात्री झोप मोडली असेल त्या दिवशी जास्त त्रास होईल हे धरूनच चाला. परत वर गेलातच तर दिवस वाया गेला असं समजू नका, त्याच दिवशी पुन्हा एकदा बाहेर पडा आणि ती खेप न तपासता पुरी करा.

तुमच्या यजमानांशी निवांत वेळी बोला, दारात भांडण चालू असताना नव्हे. त्यांचं "अगं, बंद आहे" हे मायेचं उत्तरही तुमच्यासाठी तपासणंच आहे: पाच मिनिटं उतार पडतो, मग पुन्हा विचारावं लागतं. चिडण्याने धास्ती वाढते ती वेगळीच. दोघांनी मिळून एक वाक्य ठरवा, जसं, "हा तोच प्रश्न आहे, उत्तर नाही देणार, पण खालपर्यंत सोबत येतो." तुमच्या वतीने त्यांनी मागे जाऊन बघायचं नाही.

आणखी एक. 25 मिनिटं हा आकडा दाराजवळचाच आहे. कामावरच्या उजळणीची मिनिटं धरून वहीत रोज तासाहून जास्त भरत असतील, किंवा बाहेर पडणंच टाळावंसं वाटत असेल, तर हा ओसीडी, म्हणजे नकोसे विचार आणि तीच ती कृती करण्याची ओढ असलेला मानसिक आजार, असू शकतो आणि एकटीने झुंजायचं कारण नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि थेट विचारा, "एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन करता का?" म्हणजे धास्तीला सामोरं जायचं, पण तपासायचं नाही, वर सांगितलं तसंच. व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून ही पद्धत उभी राहिली आणि आजही ओसीडीवरचा तोच पहिल्या पसंतीचा मानसोपचार आहे. औषधं लागली तर तीही आहेत. बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाळाला आपल्याच हातून इजा होईल असे नकोसे विचार येत असतील आणि त्यांनी तुम्ही हादरून जात असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. या त्रासात असे विचार येणं अगदी नेहमीचं आहे, ती तुमची इच्छा नव्हे. ते विचार नकोसे न वाटता करण्याजोगे वाटू लागले, किंवा न दिसणारं दिसू-ऐकू येऊ लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहता राहिले फोटो. मोजणीच्या आठवड्यात खुशाल काढा. कुलुपाची पाळी सुरू होईल त्या सकाळी कुलपाचे काढणं थांबवा, गॅसची सुरू होईल त्या सकाळी नॉबचे. जुने मात्र त्याच दिवशी, घराबाहेर पडल्यावर, न उघडता पुसून टाका.