'आभासी डिस्क'मध्ये आभास कुठे आहे?

प्रश्न असा आहे की, लिनक्ससारख्या संगणक प्रणालींत साधी फाइल डिस्क म्हणून वापरता येते, तर तिला मराठीत 'आभासी डिस्क' म्हणावे की 'आभासी तबकडी'. तबकडीचे नंतर पाहू. आधी त्या 'आभासी'चा समाचार घेणे भाग आहे, कारण हल्ली बैठकीपासून शाळेच्या वर्गापर्यंत सारेच आभासी भरू लागले आहे.

आभास म्हणजे जे नाही ते दिसणे: शिंपल्यात चांदी, दोरीत साप. न्यायशास्त्रातला हेत्वाभास हेतूसारखा दिसतो, पण हेतूचे काम करत नाही. आता लिनक्सच्या 'डीडी' कमांडने १०० एमबीची फाइल तयार करा, तिच्यात ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवण्याची चौकट) घाला आणि लूप डिव्हाइसमार्फत, म्हणजे फाइलला डिस्कसारखे वागवणाऱ्या सोयीमार्फत, ती माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा. तिच्यात ठेवलेले पत्र अनमाउंट केल्यावरही तिच्यातच राहते, फाइल पेनड्राइव्हवर नेली की पत्रही सोबत जाते, आणि जागा संपली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, खऱ्या डिस्कइतक्याच कोरडेपणाने नकार देतो. यात आभास कोणता?

'आभासी' ज्या इंग्रजी शब्दासाठी योजतात, त्या 'व्हर्च्युअल'चे मूळ लॅटिन 'विर्तुस' आणि त्याचे मूळ 'विर', म्हणजे पुरुष. हा 'विर' आपल्या 'वीरा'चा सख्खा भाऊ. वीरापासून जसे वीर्य, तसे विरपासून विर्तुस. दोन्हींचा अर्थ पराक्रम आणि सामर्थ्य. आयुर्वेद द्रव्याचे वीर्य म्हणतो तेही हेच, म्हणजे कार्य घडवण्याची शक्ती. व्हर्च्युअल म्हणजे रूपाने नसले तरी वीर्याने असलेले! मी 'वीर्यतः डिस्क'च म्हटले असते, परंतु आजच्या मराठीत वीर्याचा अर्थ इतका आक्रसला आहे की ऐकणाऱ्यांत हशा पिकेल.

शब्द रूढ झाला, आता उकरू नका, असे परिभाषा घडवणारे सांगतात. त्यांनी तो आरशातल्या 'आभासी प्रतिमे'वरून उचलला असावा. तिथे तो चोख आहे, कारण ती प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. फाइलमधले पत्र मात्र छापून हातात घेता येते.

शिवाय योग्य शब्द घरातच पडून आहे. मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) खेटे घातलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या कोणत्याही सचिवांना विचारा: विकासकाने सही केलेली नसते, तरी हस्तांतरण झाले असे मानले जाते आणि जमीन खरोखर संस्थेच्या नावावर होते. कर्नलही फाइलला डिस्क मानतो आणि तिच्याकडून डिस्कचे सारे काम करून घेतो. म्हणून 'मानीव डिस्क'.

तबकडी राहिलीच. चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत गोल असे काहीच नसल्यामुळे तो शब्द आता प्रत्येक खऱ्या डिस्कलाही लागू पडत नाही.