‘मला लीग चालवायची आहे’ : ४५ लाखांचं कर्ज काढण्याआधी

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घर, तीन पिढ्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत तालमीच्या संघासाठी घसा बसवणाऱ्या. लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. न्यू जर्सीतल्या मावसभावामुळे तिला अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा नाद लागला आणि आता तिला तिकडे ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’मध्ये एमएस करायचं आहे. खर्च ४५ लाख, त्यासाठी घर तारण. तुम्ही लिहिता, ‘ती म्हणते, ज्या लीगला टीव्हीवाले ११ वर्षांचे ११० अब्ज डॉलर देतात तिथं नोकऱ्यांना काय तोटा? वर म्हणते, मला खेळायचं नाही, लीग चालवायची आहे. हे खूळ समजायचं की करिअर?’

करिअर समजा. पण त्यासाठी घर तारण ठेवायची गरज मला दिसत नाही. कारणं जरा लांबडी आहेत, लेकीलाही वाचायला द्या.

आधी तो आकडा. तो खरा आहे. मार्च २०२१ मध्ये एनएफएलनं सीबीएस, एनबीसी, फॉक्स, ईएसपीएन-एबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी करार केले, २०२३ ते २०३३ या हंगामांसाठी. पण हा पैसा ३२ संघांत सारखा वाटला जातो आणि खेळाडू संघटनेशी झालेल्या करारानुसार लीगच्या एकूण महसुलातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा असतो. उरलेल्यातून संघ चालतात, मालक श्रीमंत होतात. लीगच्या न्यूयॉर्कच्या कार्यालयात त्यामुळे शेकड्यांनी जागा निघतात असं मुळीच नाही. प्रवेश देणाऱ्या संस्थांची माहितीपत्रकं मात्र पहिल्याच पानावर हाच आकडा छापतात आणि शेवटच्या पानावर फी.

लेकीला मी दुसरा प्रश्न विचारेन. हा पैसा आला कुठून? जानेवारी १९६० मध्ये संघमालकांचं नव्या कमिशनरवर, म्हणजे लीगच्या प्रमुखावर, एकमत होईना. तेविसाव्या फेरीत तडजोड म्हणून ३३ वर्षांच्या पीट रोझेल यांचं नाव पुढे आलं. मूळचे प्रसिद्धी खात्यातले, नंतर लॉस एंजलिसच्या संघाचे जनरल मॅनेजर. तेव्हा प्रत्येक संघ आपापला टीव्ही करार करायचा. न्यूयॉर्कच्या संघाला भरपूर मिळायचं, ग्रीन बेसारख्या छोट्या गावाच्या संघाला चिल्लर. रोझेलनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसे सारखे वाटायचे असं ठरवलं, आणि नवल म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाचे मालक असलेल्या मारा कुटुंबानं ते मान्य केलं. न्यायालयानं मात्र याला मक्तेदारी ठरवून अडवलं, तेव्हा रोझेलनी वॉशिंग्टन गाठून कायदाच करून आणला. सप्टेंबर १९६१ मध्ये केनेडींनी सही केलेला तो स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग अ‍ॅक्ट. पुढच्याच वर्षी सीबीएसनं वर्षाला सुमारे ४६ लाख डॉलर दिले. आजच्या ११० अब्जांची मुळं त्या कायद्यात आहेत. मैदानावर काय चाललं होतं याच्याशी त्यांचा संबंध थोडाच.

आता रेटिंग. इथं तुमच्या लेकीचा विषय कामाला येतो, म्हणून जरा थांबतो.

९ फेब्रुवारी २०२५ ची सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिली, तो विक्रम ठरला. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीनं इथं लगेच विचारायला हवं, मोजलं कसं? ही संख्या सरासरी मिनिटाची असते, म्हणजे सामन्याच्या कोणत्याही मिनिटाला सरासरी किती जण बघत होते ती. ‘एवढ्या कोटींपर्यंत पोहोचलो’ अशी जाहिरात करताना वाहिन्या वापरतात तो आकडा वेगळा. त्यात चॅनल बदलता बदलता जरा वेळ थांबलेला माणूसही धरला जातो. शिवाय त्याच महिन्यात नील्सन या मोजणाऱ्या कंपनीनं बार, हॉटेल, दुसऱ्याचं घर अशा ठिकाणची मोजणी अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या भागात नेली. म्हणजे विक्रमातला काही भाग प्रेक्षकांचा आणि काही भाग फुटपट्टीचा. हा काही भाग किती, हे सांगू शकणाऱ्या माणसाला या धंद्यात किंमत आहे.

आणखी एक गंमत. २०१६ आणि २०१७ या दोन्ही हंगामांत एनएफएलची रेटिंग घसरली. कुणी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला दोष दिला, कुणी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना. लीग संपली असे लेख आले. आणि चार वर्षांनी त्याच लीगचे करार आधीच्या जवळजवळ दुपटीनं झाले! कारण टीव्हीवरचं बाकी सगळं त्याहून जोरात घसरत होतं. मालिका लोक सवडीनं बघू लागले. ठरलेल्या वेळी लाखो घरं एकत्र बसतील असं फुटबॉलखेरीज फारसं उरलंच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिलेल्या १०० कार्यक्रमांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. एकटी रेटिंग बघून अंदाज बांधणारे तोंडावर आपटले, शेजारच्या रकान्यातला आकडाही बघणारे तरले.

आता आपल्याकडे या. लेकीला शेवटी काम इथंच करावं लागण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून इथलं चित्र तिला ठाऊक हवं.

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी सुमारे ७०० कोटींना देऊन टाकले आणि त्यातून २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, उभी राहिली. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढचं काही ठरेना, म्हणून त्या जुलैमध्ये हंगामच लांबणीवर पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मग पुढच्या १५ वर्षांसाठी निविदा निघाली, अट वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची. ७ नोव्हेंबर २०२५ ला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही नाही! याच देशात २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले होते.

‘आपल्याकडे फुटबॉल कोण बघतो’ हे याचं सोपं उत्तर, आणि मला ते अपुरं वाटतं. तुमच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला दोन व्यापारी ईर्ष्येनं उभे राहिले तर दर चढतो आणि एकच उरला तर माल कितीही चांगला असो, शेतकऱ्याला तो म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. आयपीएलच्या लिलावात स्टार आणि व्हायाकॉम१८ एकमेकांविरुद्ध उभे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते एक होऊन जिओस्टार झालं. आयएसएल आधी स्टारवर दिसायची, मग व्हायाकॉम१८कडे गेली. आता दोन्ही दारं एकाच घराची. भरीस भर म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि खेळांच्या जाहिरातींतला एक मोठा खिसा रिकामा झाला.

दुसरं कारण खेळातच आहे. अमेरिकन फुटबॉल दर थोड्या वेळानं थांबतो, क्रिकेटमध्ये दर षटकाला जागा मिळते. आपल्या फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं चेंडू पळतच असतो. जाहिरात घालायची कुठं? इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं १९९२ मध्ये यावर वर्गणीचा तोडगा काढला : सामना बघायचा तर स्काय या वाहिनीला महिन्याला पैसे मोजा. ज्या देशात लोकांना आयपीएलसुद्धा मोबाईलवर फुकट बघायची सवय लावली गेली, तिथं हा तोडगा चालवणं जिकिरीचं आहे. पुण्याची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली, त्याआधी पुणे एफसी गेली, त्याच्याही आधी मुंबईची महिंद्रा युनायटेड. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी आय-लीग या देशातल्या दुसऱ्या फुटबॉल लीगमधून अंग काढून घेतलं. म्हणून ‘क्लबमध्ये मॅनेजर’ हे एकच स्वप्न धरून शिक्षण निवडू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणि नुसती मोठी बोली आली म्हणजे झालं असंही नाही. फ्रान्सच्या लीगनं मीडियाप्रो कंपनीची घसघशीत बोली स्वीकारली. २०२० मध्ये हंगाम सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच हप्ता थांबला आणि डिसेंबरात करार मोडला. देणाऱ्याची ऐपत आणि हमीची कलमं वाचणारा माणूस लीगच्या टेबलावर हवा, तो यासाठी.

आता ‘लीग चालवायची आहे’ या वाक्याकडे. एनएफएलचे सध्याचे कमिशनर रॉजर गुडेल १९८१ मध्ये अर्थशास्त्राची साधी पदवी घेऊन बाहेर पडले. लीगच्या कार्यालयाला आणि झाडून सगळ्या संघांना त्यांनी पत्रं लिहिली. १९८२ मध्ये लीगमध्ये इंटर्न म्हणून चिकटले, नंतर प्रसिद्धी विभागात मदतनीस, आणि पायऱ्या चढत २००६ मध्ये मालकांच्या मतदानात पाचव्या फेरीत निवडून आले. वडील सिनेटर होते हेही सांगायला हवं. सगळ्यांच्या पत्रांना सारखी उत्तरं मिळत नाहीत. पण रोझेल काय, गुडेल काय, दोघंही व्यावसायिक खेळाडू नव्हते आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंटची पदवी दोघांकडेही नव्हती. कमिशनर हा बाहेरून राजा दिसतो, प्रत्यक्षात ३२ मालकांनी नेमलेला पगारी माणूस. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या श्रीमंतांकडून एका कागदावर सह्या घेणं, हे त्याचं खरं काम.

आपल्याकडे लीग आणि महासंघ ही दोन वेगळी जगं आहेत हे तिला नीट समजावून घ्यायला सांगा. महासंघाचा अध्यक्ष मतांवर ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भायचुंग भुतियासारख्या खेळाडूला कल्याण चौबे यांनी ३३ विरुद्ध १ असं हरवलं. त्या वाटेला जायचं तर जिल्हा संघटनेपासून सुरुवात करून आयुष्य घालवावं लागतं. लीग, प्रक्षेपण, हक्कांची विक्री ही नोकरीची वाट आहे, तिथं कौशल्यावर शिरता येतं.

मग करायचं काय?

एमएस अमेरिकेतच करायचं असेल तर ते संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्समध्ये करावं. कारण अगदी व्यवहारी आहे. पदवीनंतर तिथं कामाची परवानगी साधारण १२ महिने मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी २४. स्पोर्ट्स मॅनेजमेंट सहसा त्या यादीत नसतं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणायच्या नव्या माणसामागे कंपनीवर एक लाख डॉलरचं शुल्क लादलं गेलं. नियम बदलत राहतात, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. पण १२ महिन्यांच्या भरवशावर घर तारण ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी इथंच एम.एस्सी. संख्याशास्त्र करू द्या, शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात. सोबत पायथन, एसक्यूएल या आकडेमोडीच्या संगणकी भाषा आणि सुट्टीत कराराच्या कायद्याची तोंडओळख. मुंबईत बार्क आहे, भारतातली टीव्ही रेटिंग तिथून निघते. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर असतो, घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर एक बटण, आणि वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण ओळखतो. पन्नास हजारांवर घरांवरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधायचा म्हणजे नमुनानिवडीचा धडा, तोच तिच्या अभ्यासक्रमात आहे. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला, तोही याच घरांना पैसे देऊन वाहिन्या लावायला सांगितल्याच्या आरोपावरून. बार्कखेरीज वाहिन्यांचे संशोधन आणि जाहिरात-विक्री विभाग, मीडिया एजन्सींचे स्पोर्ट्स डेस्क, सामने ऑनलाइन दाखवणाऱ्या फॅनकोडसारख्या कंपन्या, या सगळ्यांना आकडे वाचणारी माणसं लागतात. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा आणि शनिवार-रविवार कामाचे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणि एक काम या हंगामातच. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, सामन्यांपैकी जो यूट्यूबवर थेट दिसत असेल तो तिनं निवडावा. दर पाच मिनिटांनी ‘आत्ता किती जण बघताहेत’ तो आकडा वहीत टिपायचा, शेजारी सामन्यात काय घडलं ते. गोल झाला, मध्यंतर, वादावादी, पावसानं खेळ थांबला, सगळं. शेवटी सरासरी काढायची आणि यूट्यूब दाखवतो त्या एकूण व्ह्यूजशेजारी मांडायची. मग मैदानाभोवती ज्यांचे फलक लागतात त्या सराफाकडे किंवा दूधवाल्यांकडे जाऊन विचारायचं, यातल्या कोणत्या मिनिटासाठी तुम्ही जास्त पैसे द्याल? असे दहा सामने झाले की तिच्या हातात जे कागद असतील ते मुलाखतीत कुठल्याही प्रमाणपत्राहून जास्त बोलतील.

पत्राच्या शेवटी ‘मुलगी असून या धंद्यात’ असं लिहून तुम्ही वाक्य अर्धवट सोडलंत. ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या गाडीत, रात्री उशिरापर्यंत काम असतं, प्रवास असतो, आणि पुरुषांची गर्दी जास्त, हे खरं. संशोधन आणि करारांच्या बाजूला तसं नाही. तिथं पोरी बऱ्याच आहेत आणि चांगल्या आहेत. तिला विचारून घ्या, तिला कोणती बाजू हवी.

बँकेतल्या साहेबांना तूर्त थांबायला सांगा. पहिल्या तीन सामन्यांचे तक्ते झाले की तिलाच मला लिहायला सांगा, प्रश्नांसकट. इंटर्नशिपसाठी कुणाला आणि कशी पत्रं लिहायची ते मग बघू.