द फायनल्स या शूटिंग गेममध्ये बिल्डिंग पाडून खरंच फायदा होतो की नुसता शो?
होतो की, भरपूर होतो. कॅशआउट, म्हणजे मशीनमध्ये पैसे जमा करणं, वरच्या मजल्यावर चालू असेल अन् समोरची टीम जिने अडवून बसली असेल तर वर जायचंच नाही, खालच्या खोलीतून छत फोडायचं, मशीन धपकन तुमच्या पुढ्यात पडतं आणि वरचे बसतात खाली बघत. तोडफोडीचा हिशेब सर्व्हरवर होतो, म्हणून राडारोडा सगळ्यांना सेमच दिसतो. फोडाफोडीला हेवी हा दणकट कॅरेक्टरच घ्या, ३५० हेल्थ आणि वर हातोडा, लाइट या चपळ कॅरेक्टरला जेमतेम १५०. कोथरूडला आमच्या शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिना झाला पाडतायत, इथे दोन मिनिटांत सपाट! फक्त स्वतः उभे आहात तो स्लॅब उडवू नका, मी उडवलाय, रूममेट अजून चिडवतो.