‘धुमसणे’ म्हणजे नेमके काय?

धुमसणे म्हणजे ज्वाळा न येता, धूर सोडत आतल्या आत हळूहळू जळणे. ज्वाळा म्हणजे खरे तर जळणारा वायू. धुमसताना मात्र घन पदार्थाचा पृष्ठभागच हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, म्हणून निखारा दिसतो, ज्वाळा नाही. कोळसा, भुसा, कापसाचे गठ्ठे असेच धुमसतात. तापमान साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअस, म्हणजे ज्वाळेपेक्षा बरेच कमी. पण ज्वलन अपुरे असल्याने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. शिवाय वारा लागला की धुमसणारे कधीही भडकू शकते, म्हणून ‘आग विझली’ म्हणण्याची घाई करू नका.

क्रियापद अकर्मक आहे: ‘ढिगारा रात्रभर धुमसत होता.’ ‘धगधगणे’ याच अर्थाने वापरलेले दिसते, ते मला पटत नाही. त्यात प्रखर, उघडी आग आहे.

लाक्षणिक वापर तर फारच नेमका आहे. ‘अपमानानंतर तो आतून धुमसत होता’, ‘कामगारांत असंतोष धुमसत होता’. राग बाहेर पडला की मग ‘धुमसणे’ चालत नाही, तिथे ‘भडकणे’ किंवा ‘उसळणे’ हवे.